बारा आकडी खात्याचा मालक

गारखेडा, छत्रपती संभाजीनगर
शुक्रवार, १७ मे २०२४

तीर्थस्वरूप कारभारीमामांच्या चरणी भाचा खंडेराव याचा दंडवत. फर्दापूरला सगळी खुशाल असतील अशी आशा आहे, आणि कुणी नसेल तर त्याला ऊन जबाबदार आहे.

(तनुजावहिनी, पत्र मामांना तुम्हीच वाचून दाखवणार, म्हणून आधीच सांगून ठेवतो. कंसातला मजकूर फक्त तुमच्यासाठी आहे. कंस आला की जरा खोकायचं आणि पुढं जायचं. मामांनी विचारलं तर धुळीचा खोकला म्हणून सांगा.)

तुमच्या डाव्या गुडघ्याला तेल चोळणं चालू आहे ना? डॉक्टरांनी मांडी घालून बसू नका म्हणून बजावलं होतं आणि तुम्ही पारावर मांडी घालूनच बसता, ही बातमी इथपर्यंत आलेली आहे. मामींचा दमा, शेळ्यांचा पाला, विहिरीचं पाणी, सगळं सविस्तर कळवा. विहिरीत पाणी नसेल तर तेही कळवा. इकडं आईची तब्येत बरी आहे. नळाला पाणी आठ-दहा दिवसांनी येतं, पण ते कधी येणार हे तिला आदल्या दिवशीच कळतं. कसं कळतं ते ती कुणाला सांगत नाही, त्यामुळं गल्लीत तिचा फार मान आहे. आमच्या खिडकीतून पूर्वी डोंगर दिसायचा, तिथं आता सात मजली इमारत उभी राहिली आहे. तिच्या गच्चीवर पोहण्याचा तलाव आहे असं जाहिरातीत लिहिलंय. तलावात सध्या सिमेंटच्या रिकाम्या गोण्या आहेत.

असो. पत्र लिहिण्याचं कारण आनंदाचं आहे. मामा, तुमच्या भाच्यानं या आठवड्यात असा काही पराक्रम केला की सगळं ऑफिस उभं राहून टाळ्या वाजवत होतं. पेढे वाटले गेले. आमचे मालक इंद्रजीतसर, जे माझ्या कामाला आजवर कधी 'ठीक आहे'च्या पुढं गेले नव्हते, त्यांनी मला मिठी मारली. (कंपनी म्हणजे नऊ माणसं आणि पिठाच्या गिरणीवरच्या दोन खोल्या. टाळ्या गिरणीच्या आवाजात नीट ऐकू आल्या नाहीत, पण हात हलताना मी स्वतः पाहिले.)

आता पराक्रम काय ते समजावून सांगतो. आमची कंपनी पाण्याच्या टँकरांचा एक प्रोग्राम चालवते. कोणत्या वस्तीवर कोणत्या दिवशी टँकर जाणार, हे आदल्या संध्याकाळी त्या वस्तीतल्या बायकांच्या मोबाइलवर कळवायचं, एवढंच त्याचं काम. ऐकायला किरकोळ वाटतं. पण खडकवस्तीच्या द्वारकाबाईंचं बघा. त्या आमच्या ऑफिससमोरच्याच इमारतीवर विटा वाहायला येतात. संध्याकाळी मेसेज आला तर दुसऱ्या दिवशी घरी थांबतात, नाही आला तर निर्धास्त कामावर येतात. मेसेज बंद पडले तर बाईनं काय करायचं? कामावर यावं तर टँकर येऊन जाणार, घरी थांबावं तर तो येणारच नाही. अशा एकशे बेचाळीस वस्त्या आमच्या यादीत आहेत, आणि यंदाचा उन्हाळा कसा आहे हे मी तुम्हाला काय सांगणार.

हा प्रोग्राम आमच्या खोलीतल्या यंत्रावर चालत नाही. तो क्लाउडवर असतो. म्हणजे लांब कुठंतरी एका मोठ्या कंपनीची हजारो यंत्रं असतात आणि आपण आपलं काम त्यांच्यावर नेऊन बसवायचं. तुम्ही पूर्वी दुसऱ्याच्या रानात मेंढरं बसवायचात तसंच. रान त्याचं, मेंढरं आपली. कुणाची मेंढरं कुठं बसलीत याची ते लोक नोंद ठेवतात, तिला खातं म्हणतात. प्रत्येक खात्याला बारा आकडी नंबर असतो आणि एक मालक असतो.

तर गेल्या सोमवारी त्या मोठ्या कंपनीची ईमेल आली. टँकरचा प्रोग्राम ज्या खात्यात आहे त्या खात्याच्या मालकानं तेवीस तारखेपर्यंत आपली ओळख पटवावी, नाही तर खातं बंद करण्यात येईल. खात्याचा नंबर काय आणि मालक कोण, हे मात्र लिहिलेलं नव्हतं. का, तर सुरक्षिततेसाठी! इंद्रजीतसरांनी ती ईमेल चारदा वाचली आणि मग पंखा लावा म्हणाले. पंखा चालूच होता.

तुम्ही म्हणाल, स्वतःचं खातं स्वतःला माहीत नाही म्हणजे काय? मामा, गेल्या पाच वर्षांत हे शहर जसं वाढलं तशी आमची खाती वाढली. इकडं मोकळं रान दिसलं की प्लॉट पडतात, तिकडं नवं काम मिळालं की आम्ही नवं खातं उघडत गेलो. अशी एकूण सात निघाली. त्यांतली दोन कुणी उघडली ते कुणालाच माहीत नव्हतं. एक ज्यानं उघडलं तो आता पुण्याला असतो आणि फोन केला की 'मीटिंगमध्ये आहे' म्हणतो. मंगळवारी दिवसभर सरांनी सगळ्यांना कामाला लावलं. कपाटं उपसली, जुन्या डायऱ्या चाळल्या, भिंतीवरचं कॅलेंडर काढून त्याच्या पाठीमागं पाहिलं, कारण तिथं एकदा कुणीतरी वायफायचा पासवर्ड लिहून ठेवला होता. कॅलेंडरमागं एक पाल निघाली. सापडलेल्या एकूण वस्तूंत ती एकटीच जिवंत होती.

अशा वेळी तुमचा भाचा उठून उभा राहिला आणि म्हणाला, सर, वह्या कशाला चाळता? मेंढरू कुणाचं हे कळत नसेल तर आपण त्याच्या पाठीवरची गेरूची खूण बघतो. प्रोग्रामलाच विचारू या की, बाबा रे, तू कुणाचा? तो रोज त्या खात्यात राहतो, खातो, पितो. त्याला माहीत नसणार तर कुणाला? सरांनी हातातली डायरी खाली ठेवली. (कल्पना योगिनीची. ती आमच्याकडं प्रोग्राम तपासायचं काम करते. तिनं सकाळपासून दोनदा सांगितलं होतं, पण ती हळू बोलते आणि खाली गिरणी चालू होती. मी तेच मोठ्यानं म्हणालो. गेरूची खूण मात्र माझी स्वतःची.)

आणि खरोखर तशी सोय आहे, मामा. क्लाउडवरच्या प्रत्येक प्रोग्रामच्या गळ्यात एक ओळखपत्र असतं. प्रोग्रामात चार ओळी घातल्या की तो ते ओळखपत्र दाखवून क्लाउडला विचारतो, 'मी कोण? कुणाच्या खात्यातला?' आणि क्लाउड बारा आकडे सांगतं. मी बाह्या सरसावल्या आणि चार ओळी लिहून काढल्या.

(वहिनी, हा कंस लांब आहे, तेवढं खोकता आलं नाही तर पाणी प्यायला उठा. त्या चार ओळी मी आधी घाईनं माझ्याच लॅपटॉपवर चालवल्या. बारा आकडे आले. सरांनी ते फळ्यावर लाल खडूनं लिहिले, भोवती चौकट काढली आणि त्या मोठ्या कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला. पलीकडची बाई म्हणाली, हे खातं कुणा खंडेरावांचं दिसतंय. सगळे माझ्याकडं बघायला लागले. झालं होतं असं की माझ्या लॅपटॉपवर माझ्या स्वतःच्या सरावाच्या खात्याचं ओळखपत्र होतं. मीच विचारलं 'मी कोण', त्यानं इमानदारीत सांगितलं 'तू खंडेराव'. त्या खात्यात माझ्या लेकीच्या वाढदिवसाचं अर्धवट केलेलं आमंत्रण सोडून काही नाही. सरांनी चौकट पुसली. योगिनी म्हणाली, 'दादा, मेंढरू सोडून तुम्ही धनगरालाच विचारलं की.' ही गोष्ट मामांच्या कानावर गेली तर ती आषाढापर्यंत पारावर पुरेल, म्हणून कंसात.)

बुधवारी दुपारी तीन वाजता मी त्या ओळी खुद्द टँकरच्या प्रोग्रामात घालून वर पाठवल्या. आठ माणसं माझ्या खुर्चीमागं उभी. कुणीतरी माझ्या मानेवर श्वास सोडत होतं. मामा, नऊ सेकंदांत आकडे आले! खरे आकडे. सात खात्यांत हे भलतंच निघालं, ज्याला आम्ही सगळ्यांनी मेलेलं धरलं होतं. मी एवढ्यावर थांबलो नाही. आणखी पाच ओळी घातल्या, खात्याच्या मालकाचं नाव, पत्ता आणि फोन सांग म्हणून. आता बहुतेक ठिकाणी प्रोग्रामला असलं काही विचारायची परवानगीच नसते. आमच्या प्रोग्रामला मात्र कुणीतरी सुरुवातीलाच सगळ्या परवानग्या देऊन टाकल्या होत्या, म्हणून निभावलं. (कुणीतरी म्हणजे मीच. ही फार गंभीर चूक असते. योगिनी तेव्हापासून माझ्याकडं, विहिरीवर झाकण न घालणाऱ्या माणसाकडं बघावं तशी बघते.)

पडद्यावर नाव आलं. कारभारी कडुबा, मारुतीच्या पाराजवळ, मुक्काम पोस्ट फर्दापूर.

मामा, तुमचं नाव. इंग्रजी अक्षरांत, मोठ्या दिमाखात.

इंद्रजीतसर ओरडले, "अरे, ये कारभारी कौन है?" मग त्यांचं त्यांनाच उत्तर सुचलं. फर्दापुरात बसून कुणा भामट्यानं आपलं खातं बळकावलं, अजिंठ्याला येणाऱ्या परदेशी लोकांकडून तो हे शिकला, आत्ताच्या आत्ता पोलिसांना कळवा. एक जण म्हणाला, नाव मुद्दाम साधं घेतलंय, असे लोक लई हुशार असतात. दुसऱ्यानं नकाशावर फर्दापूर शोधून त्यावर बोट ठेवलं. सर फोन उचलतायत हे पाहिल्यावर मी त्यांचा हात धरला आणि म्हणालो, "सर, थांबा. ते माझे मामा आहेत."

तुम्हाला आठवतंय का, मामा? २०१९ सालच्या दुष्काळात तुम्ही मोतीबिंदू काढायला आला होतात. तपासणी पाच वाजता होती म्हणून दुपारभर मी तुम्हाला ऑफिसात बसवून ठेवलं होतं, एका डोळ्यावर हिरवी पट्टी लावून. कंपनी तेव्हा नवी होती, नोकर मी एकटाच. त्या दिवशी मी पहिलं खातं उघडत होतो. अर्जात मालकाचं नाव विचारलं. सरांना फोन केला तर ते म्हणाले, कुणाचंही टाक, नंतर बदलू. आता आपल्या घरची रीत तुम्हीच पाडलेली. पेरणीला तिफणीला पहिला हात तुमचा. कळपातलं पहिलं कोकरू तुमच्या नावाचं. माझी पहिली मोटारसायकलसुद्धा तुमच्या नावावर, कारण मामाच्या हाताला यश आहे असं आईनं सांगून ठेवलेलं. मग एवढं नवं काम सुरू होताना मी माझं नाव कसं घालणार? ते बरं दिसलं असतं का? मी तुमचं नाव घातलं, आणि माझा फोन दुरुस्तीला असल्यामुळं नंबरही तुमचाच दिला. तुमच्या फोनवर सहा आकडे आले, ते मीच वाचून भरले. तुम्ही विचारलंत, "कशाचं रं हे?" मी म्हणालो, शुभ काम आहे. तुम्ही खिशातून गूळ काढून दिलात. आणि नंतर नाव बदलायचं मी साफ विसरलो. (पाच वर्षं! सरांना मात्र मी असं सांगितलं की अनुभवी माणसाच्या नावावर खातं ठेवलं की ते टिकाऊ होतं. त्यांना ते पटलं, कारण ते घाबरलेले होते.)

पण रीत खोटी ठरली का? मुळीच नाही. बाकीच्या सहा खात्यांत काही ना काही बंद पडलं, तुमच्या नावावरचं खातं पाच वर्षांत एक दिवस बंद पडलं नाही. हे मी भर ऑफिसात बोलून दाखवलं. सर खुर्चीत बसले, घाम पुसला आणि हसायला लागले. "मग हे तर घरचंच काम!" म्हणाले. त्यांनी स्वतः खाली जाऊन पेढे आणले. गिरणीवाल्यालाही दिले. द्वारकाबाई तेवढ्यात समोरून विचारायला आल्या, त्यांच्या कानावर काहीतरी गेलं होतं. "साहेब, मेसेज बंद पडणारे व्हय? मला आधी सांगा, मुकादमाला सांगून ठेवते." मी त्यांच्या हातावर पेढा ठेवला आणि म्हणालो, बाई, निश्चिंत राहा. मालक सापडला, आणि तो माझ्या रक्ताचा आहे.

तर अशी ही हकीकत. एकशे बेचाळीस वस्त्यांना पाण्याची वर्दी देणाऱ्या यंत्राचे तुम्ही कागदोपत्री मालक आहात, हे पारावर सांगायला माझी हरकत नाही. जरा वाढवून सांगितलंत तरी चालेल. आता ओळख पटवण्याचा एक किरकोळ उपचार तेवढा राहिला आहे, त्याचं तुम्ही मनावर घेऊ नका. मामींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. पत्र उद्याच्या जळगाव गाडीच्या कंडक्टरच्या हाती पाठवतो आहे. त्याला चहा पाजा.

तुमचा आज्ञाधारक भाचा,
खंडेराव

ता. क. तो किरकोळ उपचार असा. येत्या बुधवारी, बावीस तारखेला, दुपारी चार वाजता तुमच्या फोनवर सहा आकड्यांचा मेसेज येईल. लगोलग मी फोन करीन. तेवढे आकडे मला वाचून दाखवायचे. घरात रेंज नसते, म्हणून पावणेचारलाच फोन चार्ज करून घेऊन टेकडीवरच्या चिंचेखाली जा. तनुजावहिनींना बरोबर न्या, त्या आकडे वाचतील. फोन बंडीच्या आतल्या खिशातून मात्र तुम्हालाच काढावा लागेल, तिथं दुसऱ्या कुणाचा हात गेलेला तुम्हाला चालत नाही. मला त्या वेळी इथं यंत्रापुढं बसावं लागणार आहे.

दुसरी ता. क. काल गुरुवारी तुम्हाला एका भामट्याचा फोन आला होता. त्यानं सहा आकडे मागितले, आणि तुम्ही त्याला असं काही झाडलंत की आज सकाळपासून सगळा पार तुमची तारीफ करतोय, असं तिकडून आलेला तो कंडक्टर सांगत होता. मामा, तो भामटा मीच होतो. आमचा फोन स्पीकरवर होता. सगळं ऑफिस आदल्या दिवशीच्या उरलेल्या पेढ्यांचे हात घेऊन ऐकत होतं. तुम्ही म्हणालात, "आरं, माझ्या भाच्यानं सांगितलंय, आकडे सख्ख्या बापाला बी सांगायचे नाय." मी म्हणालो, मामा, मीच तो भाचा. तुम्ही म्हणालात, "आवाज काढणारे लई बघितले. माझा भाचा असा रडत नाय," आणि फोन ठेवलात. चूक तुमची नाही. दिवाळीत मीच तुम्हाला दोन तास बसवून शिकवलं होतं, की बँकेचा फोन आला, पोलिसांचा आला, अगदी माझा आला, तरी आकडे सांगायचे नाहीत. माझ्या सगळ्या विद्यार्थ्यांत तुम्हीच एकटे पास झालात. तेव्हापासून इंद्रजीतसर माझ्याशी बोललेले नाहीत, आणि आज सकाळी द्वारकाबाईंनी लांबूनच हात केला, तर मी फाइल शोधायला खाली वाकलो.

तिसरी ता. क. वहिनी, ही सावकाश आणि मोठ्यानं वाचा. मामा, फोन करणारा मीच आहे हे तुम्हाला पटावं म्हणून, मी सोडून जगात कुणालाच ठाऊक नाही अशी एक गोष्ट सांगतो. १९९६ सालच्या उन्हाळ्यात तुमच्या म्होरक्या बोकडाच्या गळ्यातली पितळी घंटी गेली. ती तुमच्या वडलांच्या हातची होती. तुम्ही आळ धोंडिबाकाकांवर घेतलात, आणि तेव्हापासून त्यांच्या बांधावरून जाताना मान फिरवता. घंटी मी घेतली होती. मी दहा वर्षांचा होतो, शाळा-शाळा खेळायला मला घंटा हवी होती. संध्याकाळी परत बांधायला आलो तर तुमचं दोघांचं भांडण पेटलेलं होतं, आणि तुमचा तो अवतार बघून मी पळालो. तुमच्या दोघांच्या सामाईक बांधावर जी बाभळ आहे, तिच्या बुंध्यापासून तिसरा मोठा दगड उचला आणि हातभर खणा. माझ्या निळ्या शाळेच्या पिशवीत बांधून ठेवली होती. पिशवी कुजली असेल, पितळ कुजत नाही. रविवारी स्वतः येऊन हे सांगता आलं असतं, दोन-अडीच तासांचा तर रस्ता आहे. पण अठ्ठावीस वर्षं दर दिवाळीला येतोय आणि दर दिवाळीला सांगायचं राहतंय. म्हणून लिहून मोकळा होतो. मला माफ करा असं म्हणायचं धाडस नाही, पण धोंडिबाकाका आता ऐंशीला आले असतील. घंटी निघाली की आधी त्यांच्याकडं जा. बुधवारच्या आत जा.

चौथी आणि शेवटची. बुधवारी चार वाजता फोन मीच करीन. आधी आकडे सांगा, कारण ते दहा मिनिटांत बाद होतात. मग जे काही बोलायचं ते बोला. मी फोन ठेवणार नाही.